हीण आणि बट्टा

इंग्रजी भाषेत 'डिबेस' हे एक क्रियापद आहे. खाली आणणे, हलके करणे, दर्जा उतरविणे हा त्याचा अर्थ. 'बेस' म्हणजे नीच किंवा खालच्या प्रतीचा. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील 'बास्सुस' या शब्दापासून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. त्यास अधोगती सुचविणारा 'डि' हा उपसर्ग लागला आणि क्रियापद सिद्ध झाले. त्याचा लेखी आढळ १५६० नंतरच्या दशकात होऊ लागतो. प्रथम ते माणसाच्या प्रतिष्ठेविषयी व नीतीविषयी योजिले जात असे. धातूची शुद्धता घटविणे हा अर्थ त्यास त्या शतकाच्या अखेरीस चिकटला. म्हणजे माणूस आधी हलका झाला, नाणे मागून!

परंतु शब्द मागून आला तरी कृत्य आधीच घडून गेले होते. इंग्लंडचा आठवा हेन्री हा राजा खर्चिक होता. फ्रान्स व स्कॉटलंड यांच्याशी चाललेल्या युद्धांसाठी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा १५४४ पासून त्याने नाण्यांतील चांदी कमी करून तांबे वाढविण्याचा सपाटा लाविला. पूर्वी शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी असे. ती उतरत उतरत त्याच्या हयातीतच एक-तृतीयांशावर आली आणि त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत, १५५१ मध्ये, काही नाण्यांत चतुर्थांशच उरली. नाणे हाताळून झिजले, की राजमुद्रेवरील नाकाच्या शेंड्यावरचा चांदीचा मुलामा आधी निघून जाई आणि आतील तांबे दिसू लागे. लोकांनी राजाचे नाव 'तांबड्या नाकाचा म्हातारा' असे ठेविले. पुढे एलिझाबेथ राणीने १५६० व १५६१ या दोन वर्षांत ही हिणकस नाणी परत घेऊन शुद्ध नाणी पाडिली.

याच अर्थक्षेत्रात इंग्रजीत दुसरे एक क्रियापद वावरते. ते म्हणजे 'डिप्रीशिएट'. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. पण त्यांचे कूळ निराळे आहे. लॅटिनमध्ये 'प्रेतियुम' म्हणजे किंमत. तीवरून 'डेप्रेतियारे' म्हणजे किंमत खाली आणणे. याच 'प्रेतियुम'पासून किंमतीचा वाचक 'प्राइस' आणि स्तुतीचा वाचक 'प्रेझ' हे दोन्ही शब्द निघाले आहेत. एखाद्याची स्तुती करणे म्हणजे त्याचे मोल सांगणे, आणि मोल उतरविणे म्हणजे त्याला कमी लेखणे, हा संबंध त्या भाषेच्या मुळातच आहे. तिसरे क्रियापद 'डिव्हॅल्यू' हे मात्र अर्वाचीन. ते विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले. एखादे सरकार आपल्या चलनाचा परदेशी चलनाशी असलेला दर हुकूम काढून खाली आणते, त्या क्रियेचे हे नाव. आपण त्यास अवमूल्यन म्हणतो. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांस झाला, तेव्हा हा शब्द घरोघर पोहोचला.

या क्रियापदांतील खरा भेद असा की, 'डिबेस'मध्ये वस्तूच बदलते. 'डिप्रीशिएट' व 'डिव्हॅल्यू' यांत वस्तू जशीच्या तशी राहते, बदलते ती तिच्याकडे पाहणाऱ्याची मोजणी. एकात कस जातो, दुसऱ्यात भाव. कस आणि भाव या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे वाक्य सोपे आहे. परंतु व्यवहारात ते विसरले जाते, आणि विसरल्याची किंमत नेहमी दुबळ्याला द्यावी लागते.

मराठीत या दोन गोष्टींना दोन अस्सल शब्द आहेत. पहिला शब्द हीण. सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू म्हणजे हीण. संस्कृत 'हीन' शब्दाचे हे मराठी रूप. ज्याच्या कसात हीण उतरले तो जिन्नस हिणकस. आणि ज्यात हिणाचा लेश नाही ते सोने बावनकशी. सोनार काळ्या कसोटीवर रेघ ओढतो आणि तिच्या रंगावरून निवाडा देतो. याच 'हीन'पासून मराठीने 'हिणविणे' हे क्रियापद घडविले. एखाद्याला हिणविणे म्हणजे तो कमी कसाचा आहे असे त्याच्या तोंडावर सांगणे. इंग्रजीतील 'डिबेस'चा हा सख्खा भाऊच म्हणावा. फरक इतकाच की, हिणविणारा समोरच्याचा कस उतरवीत नाही, तो उतरला आहे असे नुसते म्हणतो.

दुसरा शब्द बट्टा. एका नाण्याच्या बदल्यात दुसरे नाणे घेताना जी कमीजास्त तफावत पडते, ती बट्टा. वटणे, वटविणे, वटाव हे शब्दही याच व्यवहारात वावरतात. हुंडी वटते, आणि मुदतीपूर्वी पैसे हवे असल्यास सराफ वटाव कापतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनी हा शब्द इंग्रजीत नेला. पण त्यांच्या कानास 'भत्ता' व 'बट्टा' यांतील भेद उमगला नाही, म्हणून शिपायाच्या भत्त्यास व सराफाच्या बट्ट्यास त्यांच्या दप्तरात एकच शब्द पडला. मराठीत मात्र या शब्दाने वेगळीच वाट धरिली. तो सराफाच्या पेढीवरून उठला आणि माणसाच्या अब्रूवर जाऊन बसला. कुळाला बट्टा लागला, नावाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो, तेव्हा पैशांची तफावत कोणाच्या मनात नसते. मनात असतो तो डाग. इंग्रजी शब्द माणसाकडून नाण्याकडे गेला. मराठी शब्द नाण्याकडून माणसाकडे आला.

हा प्रवास कसा घडतो हे पाहावयाचे असेल, तर जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागाकडे दृष्टी वळवावी. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात, गोदावरीच्या उत्तर अंगाला, तीर्थपुरी हे गाव आहे. आजूबाजूला काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. जवळच, समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक असलेले जांब. या मुलखाने नाण्यांचे जितके प्रकार पाहिले तितके फार थोड्या मुलखांनी पाहिले असतील. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद करून तेथे राजधानी नेली आणि १३२९ च्या सुमारास चांदीच्या टंकाऐवजी पितळेचे व तांब्याचे टंक काढून ते चांदीच्याच भावाने घ्यावे असा हुकूम केला. असे टंक दौलताबादच्या टांकसाळीतही पडले. घरोघर खोटी नाणी पडू लागली आणि दोन-तीन वर्षांतच ती सर्व परत घेऊन खजिन्यातून चांदी द्यावी लागली. हीण राजाने स्वतः घातले, तरी ते पचले नाही.

मराठेशाहीत व तिच्या उतरत्या काळात टांकसाळी अनेक होत्या. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपया, शिवाय निजामाच्या मुलखातील निरनिराळ्या ठिकाणचे रुपये. जालन्याचा किल्ला १८०३ साली कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांकडून घेतला. पुढे हा मुलूख निजामाकडे राहिला, आणि जालन्यास इंग्रजी फौजेची छावणी पडली. शिंद्यांचे, होळकरांचे, निजामाचे आणि कंपनीचे अशी चौघांची नाणी एकाच बाजारात फिरू लागल्यावर, कोणता रुपया कोणत्या रुपयाबरोबर हे सांगणारा माणूस आवश्यकच झाला. तो माणूस म्हणजे पोतदार. नाणे वाजवून, कसोटीस लावून, झीज पाहून तो त्याचा बट्टा ठरवी. सरकारी वसूल अमुक नाण्यात घ्यावयाचा असे ठरलेले असे. दुसरे नाणे आणिले की त्यावर बट्टा चढे. मोगल व्यवहारात तर याहून चमत्कारिक गोष्ट होती: नाणे चालू सालचे असेल तर ते पुऱ्या किंमतीचे, दोन-तीन वर्षे जुने झाले, की चांदी तीच असूनही त्यावर बट्टा लागे. कस न गमाविता भाव गमाविण्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

पहिला सालारजंग हा १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचा दिवाण होता. त्याच्या कारकीर्दीत निरनिराळ्या ठिकाणच्या टांकसाळी मागे पडून नाणी हैदराबादेस पाडण्याची व्यवस्था रुजली. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा गादीवरून गेला, तेव्हा निजामी नाण्यावरील त्याचे नाव जाऊन तेथे आसफजाहाचे नाव आले. या रुपयास 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे चालू काळचा. पुढे १९०३-०४ च्या सुमारास यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला सुबक रुपया निघाला, तरी लोकांच्या तोंडी नाव हालीच राहिले. पलीकडे इंग्रजी मुलखात चालणारा रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेले, काठाला दाते असलेले नाणे म्हणून कलदार.

आता या दोहोंतील बट्टा कोठून आला ते पाहावे. कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपला रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरविला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे १६५ ग्रेन, शुद्ध चांदी. चारमिनारी हाली रुपयाचे वजन सुमारे साडेएकशेबहात्तर ग्रेन आणि त्यात शेकडा सुमारे ८२ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १४१ ग्रेन. सहा कलदारांत चांदी भरते ९९० ग्रेन आणि सात हालींत भरते जवळजवळ तितकीच. दोन्ही सरकारांत जे प्रमाण रूढ झाले तेही हेच: सहा कलदारांस सात हाली, अर्थात शंभर कलदारांस एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हैदराबादच्या दप्तरात 'ओ. एस.' म्हणजे उस्मानिया सिक्का व 'बी. जी.' म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया अशी अक्षरे आकड्यांपुढे पडत, ती याच कारणाने.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानी धरिली पाहिजे. हाली रुपयात लबाडी नव्हती. त्याची चांदी कमी होती. पण ती ठरवून, जाहीरपणे कमी होती, आणि सात देऊन सहा घेणाऱ्याचे चांदीच्या हिशेबात काहीच जात नव्हते. आठव्या हेन्रीने केले ते हीण. सरहद्दीवर लागत होता तो केवळ बट्टा. तरीही एक नाणे सोळा आण्यांचे आणि दुसरे पावणेचौदा आण्यांच्या आसपासचे, एवढेच सामान्य माणसाच्या लक्षात राही; आणि ज्याचे कमी ते हलके, असा निष्कर्ष मन आपोआप काढी.

प्रत्यक्ष तोटा होई तो नाण्यात नव्हे, नाणे हातातून हातात जाताना. मनमाडहून जालना, परभणीवरून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाली आणि या भागाचा कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. जालन्यास सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने उभे राहिले. मुंबईचा भाव कलदारात. तीर्थपुरीच्या शेतकऱ्याचा सारा हालीत, त्याची उधारी हालीत, त्याची मजुरी हालीत. कापसाचा भाव सांगितला, की पहिला प्रश्न 'हाली की कलदार' हा असावयाचा. दर ठाऊक असलेला व्यापारी आणि दर ठाऊक नसलेला कुणबी यांच्यामध्ये जो बट्टा पडे, तो चांदीचा नव्हे, अज्ञानाचा असे. करोडगिरीचे नाके ओलांडून आषाढीस पंढरपुराकडे निघालेल्या वारकऱ्याचीही हीच गत. कारण पंढरपूर इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे कलदाराच्या राज्यात. गाठीचे सत्तर हाली वाटेत साठ होत. घरचे मोल घराबाहेर उणे होते, हा धडा गोदाकाठच्या माणसाने असा विठोबाच्या वाटेवर घोकला.

यापुढील प्रकरण विशेष बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी महाग झाली आणि लोक नाणी साठवू लागले. १९४० मध्ये इंग्रज सरकारने कलदार रुपयातील चांदी निम्म्यावर आणिली. १६५ ग्रेनांच्या जागी ९० ग्रेन राहिली. १९४७ मध्ये तर रुपया निव्वळ निकेलचा झाला. म्हणजे ज्या कलदाराच्या चोख चांदीपुढे हाली पावणेचौदा आण्यांचा ठरला, त्या कलदारातच आता हीण शिरले, आणि शेवटी चांदी नावालाही उरली नाही. कोणाच्या पेटीत जपून ठेविलेला जुना चारमिनारी रुपया त्याहून कितीतरी अधिक चांदीचा होता. न्यायाने पाहता आता बट्टा उलटा लागावयास हवा होता. पण तो उलटला नाही. सहास सात हेच प्रमाण कायम राहिले. कारण उघड आहे: भाव धातूने ठरत नव्हता, तो सत्तेने, व्यापाराने आणि सवयीने ठरत होता. कस बदलला तरी बट्टा तसाच राहिला. त्या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा पुरावा यापेक्षा स्वच्छ मिळणे कठीण.

जे नाण्याचे झाले तेच माणसांचेही झाले. निजामाच्या मुलखास पुण्या-मुंबईकडे 'मोगलाई' म्हणत. या शब्दात भूगोल थोडा आणि तुच्छता पुष्कळ होती. मोगलाईतला माणूस म्हणजे बोलण्यात गावंढळ, शिक्षणात मागे, व्यवहारात ढिला, असा एक दर ठरून गेला होता. संस्थानात उच्च शिक्षण उर्दूतून, कारभार उर्दूतून. मराठी शाळा थोड्या. त्यामुळे मराठी लिहिण्याबोलण्याची संधीच कमी, ही वस्तुस्थिती होती. परंतु ती परिस्थितीची तफावत होती, म्हणजे बट्टा होता. लोकांनी त्यास हीण समजून त्यांना हिणविले. वस्तुतः मराठी भाषेची पहिली टांकसाळ कोणत्या मुलखात होती? ज्ञानेश्वरांचे आपेगाव, एकनाथांचे पैठण, नामदेवांची नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, रामदासांचे जांब, ही सारी गावे याच मोगलाईतील. ज्या भाषेच्या शुद्धतेच्या गर्वाने पलीकडचा माणूस हसत होता, तिचे बावनकशी सोने या काळ्या मातीतच घडले होते. दर बोलणाऱ्याने ठरविला. कस कोणी लावून पाहिलाच नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपुष्टात आले आणि हैदराबाद भारतात सामील झाले. १९५० मध्ये तेथे हालीच्या जोडीने भारतीय रुपया चालू झाला, आणि दर ठरला तो जुनाच, सहास सात. पुढील वर्षी नवा हाली निघणे बंद झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या एप्रिलपासून दशमान पद्धती येऊन आणे-पै गेले. आणि १९५९ मध्ये हाली चलन कायमचे रद्द झाले. त्यानंतर तीर्थपुरीच्या बाजारात 'हाली की कलदार' हा प्रश्न विचारण्याचे कारण उरले नाही. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर आणि पुण्यामुंबईच्या पेढ्यांवर रुपया एकच झाला.

नाणे गेले, पोतदार आडनावापुरता उरला, करोडगिरीचे नाके ओस पडले. पण बट्टा हा शब्द गेला नाही. तो अजून कुळाला लागतो, नावाला लागतो, गावाला लागतो. म्हणून तो उच्चारताना त्याचा इतिहास ध्यानी असावा. हीण हा वस्तूचा दोष आहे. तो कसोटीवरच सिद्ध व्हावा लागतो, आणि सिद्ध झाल्यास लपवूही नये. बट्टा हा दोष नव्हे; तो दोन मोजण्यांमधील अंतर आहे, आणि मोजणी कोण करीत आहे यावर तो अवलंबून असतो. कोणाचा भाव कमी लागला एवढ्यावरून त्याचा कस कमी म्हणणे, हा सराफाचा नव्हे, निवाडा देणाऱ्याच्या बुद्धीचा दोष होय. तीर्थपुरीच्या वारकऱ्याचे सत्तर रुपये सरहद्दीवर साठ झाले, तरी त्यांतील चांदीचा एक कणही वाटेत कमी झाला नव्हता.